मूर्तिजापूर–दर्यापूर राज्यमार्ग: काळ्या मातीतला रस्ता कशानं खचतो, कशानं टिकतो

अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर आणि अमरावती जिल्ह्यातलं दर्यापूर ही दोन तालुक्याची गावं जोडणारा रस्ता तीस किलोमीटरच्या आत संपतो. वाटेत घाट नाही, बोगदा नाही, डोंगर नाही. मध्ये पूर्णा नदी, तिच्या काठावर लाखपुरी, आणि बाकी दोन्ही बाजूंनी नजर पोचेल तिथवर वावरंच वावरं. पावसाळ्यात पऱ्हाटी, तूर, सोयाबीन, मूग, हिवाळ्यात हरभरा. नवीन माणसाला वाटतं, असा सपाट मुलूख, इथं रस्ता बांधायला काय अवघड आहे?

खरी गोष्ट उलटी आहे. पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन पिकाला चांगली आणि रस्त्याला वैरी. या भागात रस्ता डांबर कमी पडल्यानं जितका खराब होतो, त्याहून जास्त तो पाणी मुरल्यानं खराब होतो. आणि ते पाणी मुरण्यात सरकार, ठेकेदार यांच्यासोबत आपला, म्हणजे रस्त्याच्या कडेला वावर असणाऱ्यांचाही वाटा आहे. हा रस्ता समोर ठेवून राज्यमार्ग म्हणजे काय, तो कसा बनतो, कशानं बिघडतो आणि गावकऱ्यांनी कुठं लक्ष द्यायचं, याची माहिती इथं एकत्र दिली आहे.

रस्ता कुठून कुठं

मूर्तिजापूर हे मुंबई–हावडा रेल्वेमार्गावरचं जंक्शन. अमरावती–अकोला हा राष्ट्रीय महामार्ग ५३ (जुना क्रमांक ६) याच तालुक्यातून जातो. तिथून उत्तरेला निघालं की लाखपुरी, पूर्णा नदी आणि पुढं दर्यापूर. दर्यापूर चंद्रभागा नदीच्या काठावर आहे. गावाला लागूनच बनोसा. तिथून पुढं रस्ता अंजनगाव सुर्जीकडं आणि सातपुड्याच्या पायथ्याकडं जातो.

म्हणजे लांबी कमी असली तरी काम मोठं आहे. पूर्णेच्या उत्तरेकडचा कापूस, हरभरा आणि माणसं रेल्वेपर्यंत आणि राष्ट्रीय महामार्गापर्यंत आणणारा हा दुवा आहे. वाटेत जिल्हा बदलतो हेही ध्यानात ठेवा. रस्ता एकच, पण देखभालीचं दफ्तर दोन जिल्ह्यांत वाटलेलं. तक्रार करताना हे फार कामी येतं, त्याबद्दल पुढं येईलच.

हा भाग गाडगेबाबांचा. त्यांचं लहानपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी गेलं. गावात शिरल्यावर आधी खराटा हातात घ्यायचा आणि रस्ते, नाल्या साफ करायच्या, मग रात्री कीर्तन, हा त्यांचा शिरस्ता सगळ्यांना माहीत आहे. या लेखाचं सारही तेच आहे. आधी नाली साफ करा, मग रस्त्याचं बोला.

आधी रेल्वे आली

या पट्ट्यात मोटारी धावायच्या आधी माल वाहिला तो शकुंतला रेल्वेनं. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला (७६ किलोमीटर) आणि दुसरा यवतमाळला (११३ किलोमीटर) जात होता. रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर, म्हणून लोक तिला छोटी गाडी म्हणत. किलिक निक्सन या इंग्रज कंपनीच्या व्यवस्थापनाखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाईन टाकली गेली. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरला मोठ्या लाईनीवर आणायचा आणि तिथून मुंबई बंदरात, असा हिशेब होता. वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत चाललं, नंतर डिझेल आलं. लाखपुरी, बनोसा ही अचलपूर फाट्यावरची स्टेशनं. आता ही गाडी बंद आहे.

गाडी थांबली तसा तिचा सगळा भार रस्त्यावर आला. विद्यार्थी, पेशंट, बाजाराला जाणारी माणसं आणि माल, सगळं डांबरावर. म्हणून हा रस्ता आज गावांसाठी पर्याय राहिलेला नाही, तोच एक आधार आहे.

राज्यमार्ग म्हणजे नेमकं काय

आपल्या देशातल्या रस्त्यांची उतरंड नागपुरात ठरली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. त्याआधी १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्ते समिती नेमली गेली होती. तिच्या शिफारशींतून रस्त्यांसाठी वेगळा निधी आला आणि १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था उभी राहिली. मग १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी २० वर्षांची योजना केली. तिला नागपूर योजना म्हणतात. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्राममार्ग ही विभागणी तिथली. शेतीच्या विकसित भागातलं कोणतंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा दूर नसावं, असं त्यात धरलं होतं.

आज महाराष्ट्रात साधारण अशी रचना आहे:

– राष्ट्रीय महामार्ग: केंद्राच्या अखत्यारीत.
– राज्यमार्ग: राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाकडं. जिल्ह्याची ठिकाणं, मोठी बाजारपेठेची गावं आणि राष्ट्रीय महामार्ग एकमेकांना जोडतो.
– प्रमुख जिल्हा मार्ग: हाही साधारणपणे सार्वजनिक बांधकाम विभागाकडं.
– इतर जिल्हा मार्ग आणि ग्राममार्ग: जिल्हा परिषदेकडं.
– पांदण रस्ता: या यादीच्या बाहेरचा. वावरात जायचा वहिवाटीचा रस्ता.

रस्ता कोणता हे ओळखायची सोपी खूण म्हणजे कडेचा किलोमीटरचा दगड. दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्यमार्ग, निळा किंवा काळा असेल तर जिल्हा मार्ग आणि केशरी असेल तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता. रस्त्यांचा दर्जा आणि क्रमांक अधूनमधून बदलतो. म्हणून अर्ज लिहिताना जुन्या पाठांतरावर न जाता दगडावरचा क्रमांक आणि किलोमीटरचा आकडा बघून लिहावा.

माती अशी का वागते

दख्खनचा काळा बसाल्ट खडक झिजून जी माती झाली ती आपली काळी माती. पूर्णेच्या खोऱ्यात हीच माती नदीनं वर्षानुवर्षं आणून टाकलेल्या गाळाच्या रूपात आहे. गाळाचा थर कित्येक ठिकाणी शेकडो फूट खोल आहे. विहीर किंवा बोअर करताना दगड लागत नाही, याचं कारण हे.

या मातीत चिकणमातीचं प्रमाण जास्त आणि त्यातला एक बारीक खनिज कण, ज्याला मॉन्टमोरिलोनाईट म्हणतात, तो पाणी पिऊन फुगतो. पाणी सुकलं की आकसतो. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पहिल्या दोन-तीन चांगल्या पावसात त्या बुजतात, हे आपण दरवर्षी बघतो. पिकासाठी हा गुण मोठा आहे. ही माती पाणी धरून ठेवते म्हणून तर कोरडवाहू हरभरा नुसत्या ओलीवर पिकतो.

पण याच मातीवर रस्ता बसला की भानगड होते. कोरडी असताना ती दगडासारखी कडक आणि ओली झाली की तिचा जोर निघून जातो. रस्त्याच्या मधोमध डांबराखालची माती वर्षभर बहुतेक सारखीच ओली राहते, कारण वरून झाकलेली असते. कडेची माती मात्र पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. म्हणून मधला रस्ता जागेवर राहतो आणि कड खाली-वर होते. आधी कडेला लांबच्या लांब भेग पडते. भेगेतून पाणी आत जातं. आतला थर नरम पडतो. मग गाडीचं चाक गेलं की कड तुटते आणि तिथून खड्डा रस्त्याच्या मध्याकडं सरकत येतो. कडेला लागून मोठी झाडं असली तर त्यांची मुळंही उन्हाळ्यात कडेची ओल ओढतात आणि भेग मोठी होते. झाडं नकोत असा याचा अर्थ नाही. नवीन झाडं रस्त्यापासून अंतर सोडून लावावीत, एवढंच.

रस्त्याचे थर

रस्ता वरून काळा दिसतो, पण ताकद खाली असते. खालून वर असे थर येतात:

१. भराव. त्याचा वरचा अर्धा मीटर निवडक मातीचा किंवा मुरमाचा असावा लागतो. नुसती कडेची काळी माती खरडून रस्त्यावर टाकली तर तो भराव पहिल्याच पावसाळ्यात फुगतो.

२. मुरूम आणि गिट्टीचा निचरा करणारा थर. आत शिरलेलं पाणी इथून बाहेर निघतं. हा थर कडेपर्यंत न्यावा लागतो. मध्येच बंद केला तर पाणी आतच कोंडतं.

३. खडीकरण. आकारानुसार गिट्टी पसरून, पाणी मारून, रोलरनं दाबलेली.

४. डांबराचे थर. खाली जाड, वर बारीक गिट्टीचं कारपेट आणि त्यावर सिलकोट.

काळ्या मातीला आवर घालायचे दोन-तीन मार्ग आहेत. एक, ती काढून तिथं जाड मुरूम भरायचा. दोन, तिच्यात चुना मिसळायचा, साधारण ३ ते ५ टक्के. चुन्यानं तिचं फुगणं कमी होतं. तीन, न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर मध्ये द्यायचा. ही पद्धत आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांच्या संशोधनातून आली आणि कालव्यांच्या कामात वापरली गेली.

आपल्याकडची अडचण अशी की गाळाच्या पट्ट्यात मुरूमही नाही आणि गिट्टीही नाही. दोन्ही लांबून आणावं लागतं. वाहतुकीचा खर्च वाढतो आणि जिथं खर्च वाढतो तिथं थर पातळ करायचा मोह होतो. दुसरी अडचण खारपाणपट्ट्याची. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगाला जमिनीखालचं पाणी खारं आहे. मूर्तिजापूर आणि दर्यापूर दोन्ही तालुक्यांत हा पट्टा आहे. सिमेंटच्या कामाला, मोरीला, पुलाला गोडं पाणी लागतं. खाऱ्या पाण्यानं लोखंडी सळया गंजतात आणि काँक्रीट कमजोर पडतं. म्हणून मोरीचं काम चालू असताना टँकर कुठून भरून येतो, हे विचारणं चुकीचं नाही.

पाणी बाहेर काढायची चार साधनं

घाटातल्या रस्त्यावर पाणी आपोआप उतारानं वाहून जातं. सपाटीवर त्याला वाट करून द्यावी लागते. त्यासाठी चार गोष्टी असतात.

पहिली, रस्त्याचा फुगीर आकार. डांबरी रस्ता मध्ये उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो. हा उतार साधारण २.५ टक्के धरतात. दोन पदरी रस्ता ७ मीटर रुंद असतो. म्हणजे मध्यापासून कडेपर्यंतच्या साडेतीन मीटरात रस्ता जवळपास ९ सेंटिमीटर उतरला पाहिजे. एकावर एक पॅच मारत गेलं की हा आकार मोडतो आणि रस्त्यावर डबकी दिसायला लागतात.

दुसरी, साईडपट्टी. ही डांबराच्या कडेपेक्षा उंच असता कामा नये आणि खूप खोलही नको. उंच असली तर पाणी रस्त्यावरच अडतं. खोल असली तर डांबराची कड उघडी पडते, तुटते आणि साईड देताना मोटारसायकलवाला घसरतो. साईडपट्टीला मुरूम लागतो, पण पुष्कळदा काळी मातीच ओढलेली दिसते.

तिसरी, नाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी चर असावा आणि तो कुठंतरी नाल्याला किंवा मोरीला जाऊन मिळाला पाहिजे. शेवट नसलेली नाली म्हणजे रस्त्याच्या कडेला भरून ठेवलेलं टाकंच.

चौथी, मोऱ्या आणि पूल. एका बाजूचं पाणी दुसऱ्या बाजूला जायची ही वाट. मोरी गाळानं, बेशरमाच्या झुडपांनी किंवा प्लास्टिकनं अर्धी भरली तर पाणी रस्त्याच्या भरावात मुरतं. पुराचं पाणी चढतं त्या जागी, पाण्याच्या सर्वात वरच्या खुणेपेक्षा रस्त्याच्या भरावाचा निवडक थर किमान ६० सेंटिमीटर ते १ मीटर उंच असावा, असा मानकांचा दंडक आहे.

आपल्याकडून काय चुकतं

आता घरचीच गोष्ट सांगतो. आमचं वावर डांबरी रस्त्याला लागून आहे. रस्त्याच्या कडेची नाली आमच्याच घरानं बुजवली होती. बैलबंडी, नंतर ट्रॅक्टर आत न्यायला सोय पाहिजे म्हणून माती टाकून उतार केला. खाली पाईप टाकला नाही. शिवाय दरवर्षी वखरणी करताना एक-एक तास रस्त्याकडं सरकत गेलो. एका पावसाळ्यात वरच्या दहा-बारा वावरांचं पाणी आमच्या त्या उतारापाशी येऊन थांबलं. शेजाऱ्याची तूर उभ्यानं जळाली, आमची पऱ्हाटी पिवळी पडली आणि समोरचा रस्ता त्याच हंगामात खचला. आम्ही सगळे रस्ता खराब म्हणून ओरडत होतो आणि नाली कोणी बुजवली हे कोणीच बोलत नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात उतार उकरून सिमेंटचे पाईप टाकले. तेव्हापासून तिथं पाणी थांबत नाही.

हे एकट्या आमचं नाही. कोणत्याही राज्यमार्गावर चार किलोमीटर चालत जा आणि मोजा. वावरात उतरायचे किती रस्ते पाईप न टाकता केलेत, किती जागी धुरा सरकून नालीत आला, किती ढाब्यांनी, गोठ्यांनी, दुकानांनी समोर भर टाकून नाली बंद केली. प्रत्येक ठिकाणी एक बांध तयार होतो. ठेकेदाराची चूक असेल तर ती धरलीच पाहिजे, पण नाली बंद ठेवून कितीही चांगला रस्ता मागितला तरी तो टिकणार नाही.

रस्त्याची जमीन कोणाची

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार मोकळ्या सपाट भागात राज्यमार्गासाठी ४५ मीटर रुंद जागा धरली जाते, कमीत कमी ३० मीटर. प्रमुख जिल्हा मार्गाला २५ मीटर. जुन्या रस्त्यांसाठी प्रत्यक्षात जमीन किती घेतली गेली हे मात्र मोजणी नकाशा आणि संपादनाच्या कागदावरच कळतं. म्हणून "डांबर संपलं की माझं वावर सुरू" ही समजूत चुकीची आहे. तसंच "रस्ता रुंद होतोय, द्या जागा" असं तोंडी म्हटलं म्हणून द्यावी लागत नाही. रस्त्याची मूळ हद्द कुठवर आहे हे आधी मोजून घ्या. हद्दीच्या आतलं असेल तर ते सोडावं लागतं. हद्दीबाहेरचं असेल तर रीतसर संपादन आणि मोबदला हा आपला हक्क आहे.

१९५५ च्या महामार्ग कायद्यानुसार राज्य सरकार रस्त्याला महामार्ग म्हणून घोषित करू शकतं, अतिक्रमण काढू शकतं आणि इमारत रेषा, नियंत्रण रेषा ठरवू शकतं. वावर आपलं असलं तरी त्या रेषेच्या आत घर, दुकान किंवा गोडाऊन बांधायच्या आधी परवानगी लागते. महामार्गावरून वावरात किंवा पंपावर जायचा रस्ता काढायचा, पाईपलाईन आडवी न्यायची, तरी परवानगी लागते. रात्री डांबर फोडून पाईप टाकणारे आपल्यातलेच असतात. तो आडवा चर नीट न बुजवल्यानं पुढं किती मोटारसायकली आदळतात, हे त्या गावाला माहीत असतं.

ओझ्याचा हिशेब

रस्त्याला नुकसान गाड्यांच्या संख्येपेक्षा चाकांवरच्या ओझ्यानं होतं. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० मध्ये मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक चालवून मोठी चाचणी घेतली गेली. त्यातून कळलं की एका आसावरचं ओझं दुप्पट केलं तर रस्त्याचं नुकसान दुप्पट होत नाही, साधारण १६ पट होतं. दीडपट ओझ्याला नुकसान ५ पट. आपल्याकडं चार चाकांच्या एका आसावर १०.२ टनांची कायदेशीर मर्यादा होती. ती २०१८ मध्ये ११.५ टन केली गेली. त्याहून जास्त भरलेली रेतीची, गिट्टीची किंवा कापसाच्या गाठींची गाडी ओल्या काळ्या मातीवरच्या पातळ रस्त्यावरून गेली की एका फेरीत हजारो मोटारींएवढं नुकसान करून जाते. रस्त्याच्याच कामाची गिट्टी वाहणारे डंपर गावचे रस्ते फोडतात, हे तर सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

सिमेंटचा केला की झालं?

अलीकडं सगळीकडं मागणी सिमेंटच्या रस्त्याची असते. सिमेंटला डांबरासारखे खड्डे लवकर पडत नाहीत, हे खरं. पण खालची माती हलली तर सिमेंटचा स्लॅबही तडकतो आणि तडकलेला स्लॅब दुरुस्त करणं डांबरापेक्षा महाग पडतं. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. नवीन रस्ता जुन्यापेक्षा उंच होतो. सपाट मुलखात उंच रस्ता म्हणजे बांध. जुन्या मोऱ्या तेवढ्याच ठेवल्या, किंवा कमी केल्या, तर वरच्या अंगाच्या वावरांत पाणी तुंबतं. म्हणून रस्ता उंच होणार असं कळलं की गावानं आधी मोऱ्या किती आणि कुठं हे विचारावं. काम झाल्यावर मोरी मिळवणं फार कठीण.

काळ्या मातीवर चांगला रस्ता होतच नाही असंही नाही. जून २०२२ मध्ये याच भागातल्या अमरावती–अकोला राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना दरम्यान ७५ किलोमीटर लांबीचा एक पदर १०५ तास ३३ मिनिटांत सलग डांबरीकरण करून गिनीज विक्रम झाला. माना हे मूर्तिजापूर तालुक्यातलं. मोठा निधी, मोठी यंत्रणा आणि खालच्या थरांची आधीच झालेली तयारी, म्हणून वरचा थर इतक्या वेगात टाकता आला. राज्यमार्गाला तेवढा पैसा मिळत नाही. पण नाली आणि मोरी साफ ठेवायला विक्रमी पैसा लागतही नाही.

काम चालू असताना काय बघायचं

अभियंता नसलेल्या माणसालाही एवढं दिसू शकतं:

– कामाचा फलक लावला आहे का? त्यावर कामाचं नाव, रक्कम, मुदत आणि दोष दायित्व कालावधी असावा. त्या कालावधीत रस्ता बिघडला तर ठेकेदारानं स्वतःच्या खर्चानं दुरुस्त करायचा असतो.
– भरावात कडेच्या वावराची काळी माती जाते की मुरूम?
– भराव थराथरानं, पाणी मारून दाबला जातो की डंपर रिकामा करून नुसता पसरवला जातो?
– डांबर टाकायच्या आधी धूळ झाडून खाली पातळ डांबर फवारलं का?
– डांबराचा माल गरम आहे का? नेहमीच्या डांबराचा माल १४० अंशांच्या वर असताना पसरवावा आणि ९० अंशांच्या खाली यायच्या आत रोलिंग संपवावं. थंड झालेला माल कितीही दाबला तरी बसत नाही.
– पाऊस चालू असताना किंवा ओल्या जागेवर डांबर टाकत असतील तर तारीख-वेळेसह फोटो काढून ठेवा.

तक्रार कुठं आणि कशी

सार्वजनिक बांधकाम विभागात खालून वर शाखा अभियंता, उपअभियंता (उपविभाग), कार्यकारी अभियंता (विभाग), अधीक्षक अभियंता (मंडळ) अशी उतरंड असते. लेखी अर्ज उपविभागात द्या आणि प्रत कार्यकारी अभियंत्याला. पूर्णेच्या अलीकडं-पलीकडं जिल्हा बदलत असल्यानं "हा भाग आमच्याकडं नाही" हे उत्तर मिळू शकतं. ते टाळायचा उपाय एकच. अर्जात जवळच्या किलोमीटर दगडाचा आकडा, रस्त्याची बाजू आणि फोटो द्या आणि पोच घ्या.

"रस्ता खराब आहे" एवढंच लिहिलेल्या अर्जाचं काही होत नाही. "अमुक किलोमीटरला उजव्या बाजूची मोरी गाळानं बुजली आहे, त्यामुळं पाणी रस्त्यावर येतं" असं लिहिलं तर कामाला नाव मिळतं. तरीही हललं नाही तर माहिती अधिकार कायदा २००५ खाली १० रुपयांचं शुल्क भरून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेच्या प्रती आणि दोष दायित्वाची तारीख मागता येते. साधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

सरळ रस्त्याचा धोका

सपाट रस्त्यावर लांबवर दिसतं, म्हणून वेग वाढतो. पण त्याच रस्त्यावर रिफ्लेक्टर नसलेली बैलबंडी, कापसानं भरलेली ट्रॉली, संध्याकाळी घरी येणारी गुरं आणि धुराच्या आडून अचानक चढणारा ट्रॅक्टर असतो. तूर उंच झाली की फाट्यावर समोरचं दिसत नाही. बंडीला आणि ट्रॉलीला मागून लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायला फार खर्च येत नाही. अपघात दिसला तर १०८ वर ॲम्ब्युलन्स आणि ११२ वर पोलिसांची मदत मिळते. फोनवर गावाच्या नावासोबत किलोमीटरचा दगड सांगा, म्हणजे गाडी शोधत फिरणार नाही.

मृगाच्या आधी

पूर्वी राज्यमार्गाच्या ठरावीक टप्प्याला मैलकामगार असायचे. फावडं घेऊन ते नाल्या मोकळ्या करत, साईडपट्टी भरत, छोटा खड्डा मोठा व्हायच्या आत बुजवत. आता बरंचसं काम ठेक्यावर गेलं आणि छोट्या कामाकडं रोज बघणारा माणूस रस्त्यावरून हटला. ती जागा पूर्ण भरून काढणं आपल्या हातात नाही, आणि विभागाची जबाबदारी आपण अंगावर घ्यावी असंही नाही.

पण मृग लागायच्या आधी, पेरणीची घाई सुरू व्हायच्या आत, एवढं करता येतं. आपल्या वावरासमोरची नाली मोकळी करा. वावरात उतरायच्या रस्त्याखाली पाईप नसेल तर परवानगी घेऊन टाका. धुरा पुढं सरकला असेल तर मागं घ्या. गावाजवळच्या मोऱ्या मोजा, बुजलेल्यांची यादी करून ग्रामपंचायतीच्या ठरावासह उपविभागात द्या आणि पोच जपून ठेवा. पहिला मोठा पाऊस झाला की छत्री घेऊन एकदा रस्त्यावर जा आणि पाणी कुठं थांबतं ते बघा. जिथं ते दोन तासांनंतरही हललं नाही, तिथंच पुढचा खड्डा पडणार आहे.